होडीसोयीचे घर : निडीच्या विशेष संदर्भासह

होडी वल्हवण्याची हौस असलेल्या माणसाने राहायला जागा कुठे घ्यावी, हा प्रश्न वरवर भूगोलाचा वाटतो. नकाशा उघडावा, निळी रेघ शोधावी, तिच्या काठच्या गावातल्या एजंटाला फोन लावावा, की झाले. पण निळ्या रेघेवर बोट ठेवणे वेगळे आणि निळ्या रेघेत बोट घालणे वेगळे. या दोन क्रियांच्या मधे गृहकर्ज, सातबारा, सोसायटीची कमिटी, पंचांगातली तिथी आणि मुंबईतला विजेचा खप एवढे सगळे येते. शिवाय घरातले माणूस येते. त्याचा विचार नकाशा काढणाऱ्यांनी केलेला नसतो.

होडी म्हणजे इथे कॅनू. दोन्ही टोकांना निमुळती, उघडी, एकाच पात्याच्या वल्ह्याने चालवायची. माणूस पाय पुढे लांब करून बसला आणि वल्ह्याला दोन्हीकडे पाती असली की तिला कयाक म्हणतात. माणूस जायच्या दिशेकडे पाठ करून ओढू लागला की तो तिसराच खेळ होतो, त्याला रोइंग म्हणतात. सरकारी मराठीत या तिन्हींना नौकानयन म्हणतात, आणि तळ्यात पायाने फिरवायच्या प्लॅस्टिकच्या बदकालाही तोच शब्द पुरतो. कॅनू हा शब्द कोलंबसाच्या खलाशांनी कॅरिबियन बेटांवरून उचलला, कयाक उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांचा. आपल्याकडे मात्र या शब्दाने घोटाळे होतात. एका हौशी गृहस्थांनी घरी फोन करून आनंदाने सांगितले, "अगं, कॅनू घेतला!" पलीकडून चिंतेचा आवाज आला, "कोण कानू? आणि कुठे घेतला? जेवायला आहे का तो?"

हौस म्हणून होडी वल्हवण्याची पद्धत फार जुनी नाही. जॉन मॅकग्रेगर नावाच्या लंडनच्या एका बॅरिस्टराने 1865 मध्ये 'रॉब रॉय' नावाची लहान होडी बांधून घेतली, युरोपातल्या नद्या पालथ्या घातल्या आणि पुढच्या वर्षी त्यावर पुस्तक लिहिले. ते इतके वाचले गेले, की 1866 मध्येच तिकडे कॅनूवाल्यांचा क्लब निघाला. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकपासून हा पदकाचा खेळ झाला. म्हणजे वकिलाने सुरू केलेली गोष्ट. अशिलाला पाण्यात उतरवून आपण कोरडे राहणाऱ्या व्यवसायातला माणूस स्वतः पाण्यात उतरला, याचेच लोकांना कौतुक वाटले असावे.

रायगडच्या खाडीकाठी हीच गोष्ट हौस न म्हणता शेकडो वर्षे चालू आहे. तिथे लहानशा होडीला पगार म्हणतात. मुंबईकराच्या पगारात घर बसत नाही. खाडीतल्या पगारात एक माणूस, एक जाळे आणि एक टोपली नीट बसते. त्यातून कोळंबी येते, चिंबोरी येते आणि नशीब जोरावर असेल तर जिताडा येतो. हा मासा या भागात पूर्वापार साहेबाच्या घरी पोचवायचा मासा मानला जातो. वल्हे मारून परत येताना काहीच न आणणारा माणूस खाडीकाठी पहिल्यांदा दिसला, तेव्हा त्याच्याकडे सहानुभूतीनेच पाहिले गेले. "काय गावलं नाय वाटतं आज?" "नाही, मी फिरायला गेलो होतो." "बरं बरं," असे म्हणून विचारणाऱ्याने आपल्या टोपलीतल्या दोन चिंबोऱ्या काढून दिल्या.

जागा शोधण्याचे साधारण दोन पंथ आहेत. पहिला शहरवाल्यांचा. पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब 1928 पासून आहे आणि त्यांचा रेगाटा बघायला अजून गर्दी होते. पण त्या परंपरेच्या जोरावर नदीकाठी फ्लॅट घेणाऱ्याने जलपर्णीचाही विचार करावा. हिरव्या गालिच्यात होडी एकदा शिरली की नांगर टाकावा लागत नाही, एवढी एकच सोय. नाशिकला गंगापूर धरणाचे पाणी आहे, सांगलीला कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यती आहेत. पण सांगलीत माणसाने नदीजवळ राहायला जावे लागतेच असे नाही. 2005 आणि 2019 मध्ये नदीच लोकांकडे राहायला आली होती. परदेशाचे उदाहरण देणाऱ्यांनाही फारसे बोलायला जागा नाही. कॅनूचा देश म्हणजे कॅनडा, पण टोरांटोतला मराठी माणूस अल्गाँक्विन पार्कात होडी टाकायला तीनेक तास गाडी चालवतो, आणि वाटेत त्याला डोंबिवलीची आठवण येते ती याच कारणाने.

दुसरा पंथ पाण्याजवळ जाऊन राहणाऱ्यांचा. या पंथातले लोक नकाशा रात्री अकरानंतर पाहतात. त्या वेळी माणसाला अंतरे लहान दिसतात. प्रस्तुत लेखकाला निडी अशीच रात्री सापडली.

निडी हे पनवेल-रोहा लोहमार्गावरचे लहान स्थानक. पेण, कासू, नागोठणे, निडी, रोहा असा क्रम. उत्तरेला एक स्थानक मागे गेले की नागोठणे, तिथे अंबा नदी. दक्षिणेला एक स्थानक पुढे गेले की रोहा, तिथे कुंडलिका. अंबा धरमतरच्या खाडीला मिळते, कुंडलिका रेवदंड्याला समुद्रात जाते. होडीवेड्याच्या डोळ्यांनी पाहिले तर निडीला दोन हात आहेत आणि दोन्ही हातांत एकेक नदी आहे. फक्त निडीच्या पायाशी एकही नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तसे हे दोन नद्यांमधले कोरडे गाव. पण रात्री अकरानंतर ही म्हण आठवत नाही. तेव्हा माणूस म्हणतो, एका नदीत पाणी नसले तर दुसरीत असेल.

एजंट या शास्त्रातला सर्वांत आशावादी घटक होय. त्याच्याशी होणारे संभाषण ठरलेले असते.

"नदी किती लांब आहे?"

"हे काय, पाच मिनिटं."

"चालत?"

"गाडीनं. पण पावसाळ्यात जवळ पडते."

"रस्ता चांगला होतो का पावसाळ्यात?"

"रस्ता नाही हो, नदी जवळ येते."

निडीचा प्लॉट सोडून अगदी काठावरची जागा पाहायला जावे, तर तिथे आणखी दोन रेघा आडव्या येतात. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची पातळी निळ्या पूररेषेने दाखवतात आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषेने. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, निळ्या-लालच्या मधे निर्बंध. खाडीचा काठ असेल तर किनारा नियमन क्षेत्राचे नियम वेगळे, ते 1991 पासूनचे. यातून एक स्वच्छ सिद्धांत निघतो : जिथून होडी थेट पाण्यात ढकलता येते तिथे घर बांधता येत नाही, आणि जिथे घर बांधता येते तिथून होडी ढकलली तर ती शेजाऱ्याच्या वालाच्या शेतात जाते. एका जमीनमालकाने प्लॉटच्या फलकावर 'रिव्हर टच' असे लिहिले होते. चौकशी केली तेव्हा तो प्रामाणिकपणे म्हणाला, "टच म्हणजे दरवर्षी नाही. एकोणनव्वदला झाला होता."

म्हणून बहुतेक होडीवेडे शेवटी फ्लॅटवर येतात. इथे होडीच्या लांबीचा प्रश्न सुरू होतो. दोन माणसांचा साधारण कॅनू सोळा फुटांचा असतो. मध्यमवर्गीय हॉल दहा बाय चौदा. दुकानदार या टप्प्यावर माल परत घेत नाही, पण गणित धावून येते. दहाचा वर्ग शंभर, चौदाचा वर्ग एकशे शहाण्णव, बेरजेचे वर्गमूळ सतरा फुटांपेक्षा थोडे जास्त. म्हणजे कॅनू हॉलमध्ये कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरका बसतो. पायथागोरसाने हे सिद्ध करून ठेवले आहे. मात्र तिरक्या होडीच्या एका बाजूला स्वयंपाकघर आणि दुसऱ्या बाजूला टीव्ही राहिला की घरातली माणसे एकमेकांना कशी भेटतील, यावर त्याने काही म्हटलेले नाही. चहा होडीवरून द्यावा लागतो. पाहुणे आले की त्यांना होडीतच बसवावे लागते, आणि मुलगी पाहायला आलेल्या मंडळींना हे चमत्कारिक वाटते.

होडी पार्किंगमध्ये ठेवायची म्हटले की कमिटीची बैठक बोलावली जाते. अशा एका बैठकीचा वृत्तान्त नमुन्यादाखल पाहण्याजोगा आहे. अध्यक्षांनी विचारले, "दुचाकी आहे की चारचाकी?" सभासद म्हणाले, "चाके नाहीत." अध्यक्ष म्हणाले, "मग वाहन नाही. वाहन नसेल तर फर्निचर. फर्निचर पार्किंगमध्ये चालत नाही." यावर खजिनदारांनी सुचवले, की होडीला चाके लावावीत. सचिवांनी विचारले, की चाके लावली तर मग आरटीओचा नंबर कुठे आहे. बैठक दोन तास चालली आणि शेवटी पाण्याच्या टाकीच्या सफाईचा विषय मंजूर होऊन संपली. होडी जिन्याखाली गेली. त्यानंतर त्या इमारतीतल्या प्रत्येकाने आपापली जुनी रद्दी, फुटकी बादली आणि नातवाची तीनचाकी सायकल तिच्यात ठेवून जागेचा सदुपयोग केला.

यावर उपाय म्हणून हवा भरायची होडी निघाली आहे. ती घडी करून पिशवीत मावते, पंधरा-वीस किलो भरते आणि दिव्याहून रोह्याच्या गाडीत सामानाच्या फळीवर बसते. ती विकत घेणारा माणूस घरात घोषणा करतो, की आता जागेचा प्रश्नच मिटला. जागेचा मिटतो; पंपाचा सुरू होतो. प्रस्तुत लेखकाने पिशवीत होडी, वल्हे, जाकीट, टोपी, दोन वेळची पोळीभाजी आणि उन्हाचे मलम घेतले होते. पंप डोंबिवलीत गॅलरीत राहिला. निडीला उतरून सायकलच्या दुकानात चौकशी केली. दुकानदाराने होडीचे तोंड पाहिले, आपल्या पंपाचे तोंड पाहिले आणि डॉक्टरांच्या गंभीरपणाने सांगितले, "बसणार नाही." मग तोंडाने फुंकण्याचा प्रयत्न झाला. तासाभरात होडीची एक कड उशीएवढी फुगली आणि लेखकाच्या डोळ्यांपुढे सह्याद्री फिरू लागला. गर्दीतल्या एका शाळकरी मुलाने विचारले, "काका, वाढदिवस कुणाचा आहे?"

पंप असला तरी संकट टळत नाही. खाडीतल्या दगडांवर कालवे चिकटलेली असतात आणि त्यांच्या शिंपल्यांची धार न्हाव्याच्या वस्तऱ्याला खाली पाहायला लावते. तिवरांची मुळे चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली असतात. हवेची होडी आणि कालवे यांची पहिली भेट बहुधा शेवटचीच ठरते.

टणक होडी न्यायची तर वाहन मिनीडोर. पेण, रोहा, अलिबाग या पट्ट्यात सहा आसनी रिक्षाला मिनीडोर म्हणतात, आणि सहा आसने हा तिच्या बाबतीत केवळ प्रारंभ असतो. टपावर सोळा फुटी होडी बांधली की पुढून चार फूट आणि मागून चार फूट लोंबते, आणि आत बसलेल्यांना वाटते की पाऊस येणार. भाड्याची बोलणी अशी होतात :

"किती घेणार?"

"सहा सीटचे."

"पण आम्ही एकटेच आहोत."

"ही कोण मग?" चालक वर बोट दाखवतो. "हिचे पाच."

स्वतःची गाडी असेल तर मुंबई-गोवा महामार्ग आहे. त्याच्या पनवेल ते इंदापूर या 84 किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण 2011 मध्ये सुरू झाले, आणि तेव्हा पहिलीत असलेली मुले कॉलेजात गेली तरी वळणरस्त्यांच्या पाट्या तिथेच होत्या. पावसाळ्यात या रस्त्यावर टपावर होडी घेऊन जाणाऱ्याला बाकीचे वाहनचालक हसत नाहीत. उलट एकाने काच खाली करून शांतपणे विचारले होते, "कुठून घेतली? आम्हालाही एक हवी होती, वडखळपर्यंत."

आता मुख्य गोष्ट, म्हणजे पाणी. निडीच्या दोन्ही अंगांना पाणी आहे, पण ते दोन वेगळ्या खात्यांकडे आहे. वरच्या कुंडलिकेचे पाणी विजेकडे आणि खालच्या खाड्यांचे पाणी चंद्राकडे.

कुंडलिकेच्या वरच्या अंगाला भिरा येथे 1927 पासून टाटांचे वीजघर आहे. त्यासाठी पाणी येते ते घाटावरच्या मुळशी धरणातून, ज्याच्या विरोधात सेनापती बापटांनी 1921 ते 1924 या काळात सत्याग्रह केला तेच धरण. खरे तर मुळा नदीचे हे पाणी भीमेला, पुढे कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला जायचे. त्याला वाटेत उतरवून, डोंगरातून खाली सोडून, सुमारे पाचशे मीटर उंचीवरून जनित्रांवर पाडतात आणि मग ते कुंडलिकेत येते. खाली रवाळज्याला त्याच पाण्याकडून पुन्हा एकदा वीज काढून घेतात. कोलाडचे प्रसिद्ध राफ्टिंग चालते ते या उरलेल्या पाण्यावर, बारा-तेरा किलोमीटर. उन्हाळ्यात कोकणातल्या बाकीच्या नद्या दगड मोजत पडलेल्या असताना कुंडलिका सकाळी खळाळते, याचे कारण एवढेच.

याचा होडीवेड्याच्या भाषेत अर्थ असा, की मुंबईत पंखे फिरले तर कोलाडला होडी तरंगते. वीज लागली तर जनित्रे चालणार, जनित्रे चालली तर पाणी सुटणार. पाणी साधारण सकाळी येते आणि मग उतरू लागते. म्हणून कोलाडला होडी घालायची असेल त्याने हवामानाच्या अंदाजापेक्षा मुंबईतल्या आपल्या नातेवाइकांकडे लक्ष ठेवावे. उकाडा वाढला, घरोघर एसी लागले, तर आपले काम होण्याची शक्यता वाढते. शक्यता म्हणायचे, कारण त्यांनी एसी लावला आणि झोपून राहिले तरी पाणी सुटण्याची वेळ ठरवणारे वेगळेच असतात. एका गृहस्थांनी तर मेव्हण्याला सकाळी साडेसहाला फोन करून गीझर लावायला सांगितले होते. मेव्हण्याने विचारले, "का?" ते म्हणाले, "तू लाव तर, मग सांगतो."

आणि पाणी सुटल्यावरही ते तुमच्यासाठी थांबत नाही. निडीहून रोह्याला गाडी, रोह्याहून कोलाडला दुसरे वाहन, कोलाडहून वर होडी घेऊन जाणारा टेम्पो, आणि टेम्पोवाल्याचा नाश्ता. हे सारे उरकून माणूस काठावर पोचतो तेव्हा पाणी त्याच्या आधी खाली गेलेले असते. दगडांवर ओली रेघ राहते, तेवढा पुरावा.

खालच्या अंगाला, म्हणजे नागोठण्याच्या पलीकडे अंबेत आणि रोह्याच्या पलीकडे कुंडलिकेत, खाडी लागते. एके काळी इथवर मालाची गलबते येत. ती भरतीबरोबर वर चढत आणि ओहोटीबरोबर उतरत. वाऱ्याशी आणि पाण्याशी भांडण्याची पद्धत तेव्हा नव्हती. ती शहरी माणसाने आणली. रविवार सकाळ ही त्याची वेळ. सूर्योदयाचा फोटो हवा असतो. पण पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते आणि भरती दुपारी व मध्यरात्री बाराच्या सुमारास येते. म्हणजे सकाळी सहाला नेमकी पूर्ण ओहोटी. त्या वेळी खाडीत सूर्योदय असतो, बगळे असतात, निवट्या उड्या मारत असतात, आणि पाण्याच्या जागी चकचकीत राखाडी चिखल असतो. फोटो उत्तम येतो. होडी जात नाही.

भरती गाठून आत शिरलेला माणूस परतीचे विसरतो. भरती आणि ओहोटी यांच्यामधले अंतर सव्वासहा तासांच्या आसपास. पहिला एक तास मजेत जातो, दुसऱ्या तासात डबा उघडला जातो, आणि तिसऱ्या तासात होडी जिथे आहे तिथेच बसते. उतरून ढकलू म्हणावे तर पाय मांडीपर्यंत आत. अशा अवस्थेत प्रस्तुत लेखक होडीत बसून असताना बांधावरून एक म्हातारेबाबा चालले होते. त्यांनी हाताचा डोळ्यांवर आडोसा करून पाहिले.

"कशाला आल्तास रं?"

"होडी फिरवायला."

"होरी फिरवाला पानी लागतं. पानी तं गेला."

"परत कधी येईल?"

"येल ना. जाल कुठं?" एवढे बोलून ते उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराच्या, दिशेने निघून गेले. पाणी संध्याकाळी आले. तोपर्यंत चिखलातल्या लहान खेकड्यांनी होडीची पूर्ण पाहणी करून घेतली होती.

वर्षाचा हिशेबही पाहायला हवा. जून ते सप्टेंबर या भागात सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो; नारळी पौर्णिमेपर्यंत कोळीसुद्धा होडी बाहेर काढत नाहीत, मग ज्याला पोटासाठी जायचे नाही त्याने का जावे? नंतर गणपती. पेण तालुका तर गणपतीच्या मूर्तींचे माहेरघर, त्या दिवसांत होडी हा शब्द उच्चारायचा तर विसर्जनासाठीच. आणि खरेच, एका मंडळाला विसर्जनासाठी होडी हवी होती. कॅनूत गणपती, दोन टाळकरी आणि ढोल घेतलेला एक कार्यकर्ता बसले. काठापासून दहा हातांवर सगळ्यांनी आरतीसाठी उभे राहण्याचे ठरवले. पाणी कमरेएवढेच होते, त्यामुळे कोणाला इजा झाली नाही. बाप्पांचे विसर्जन विधिवत झाले, ढोलाचेही झाले. पुढच्या वर्षी मंडळाने होडी मागितली नाही, पण वर्गणी मात्र दीडपट लावली.

ऑक्टोबरात ऊन, नोव्हेंबरात दिवाळी, डिसेंबर-जानेवारीत लग्ने, फेब्रुवारीत मुलांच्या परीक्षा. मार्चनंतर पाणी असते पण माणूस नसतो, कारण उन्हाने डोके फुटते. उरलेले दिवस मोजले तर बोटांवर येतात, आणि त्यातल्या अर्ध्या दिवशी तिथी जुळत नाही.

यावर एक जुना युक्तिवाद ऐकू येतो, की पाणी दाराशी असले तर माणूस रोज वल्ही मारतो. हे खोटे असल्याचे पुरावे महाराष्ट्रात भरपूर आहेत. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी रोइंगमध्ये तेरावा आलेला दत्तू भोकनळ चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोही या दुष्काळी गावचा. तो वल्हे मारायला सैन्यात शिकला. पाठ करून ओढण्याचा खेळ असला तरी गावात दुष्काळ होता ही गोष्ट बदलत नाही. उलट कुंडलिकेच्या काठी जन्मलेल्या एका गृहस्थांना होडीबद्दल विचारले, तेव्हा ते म्हणाले, "एकदा बसलो होतो. चौथीत. उलटी झाली." पाण्याकाठचा माणूस पाण्याकडे पाहत पेपर वाचतो. पाण्यापासून लांबचा माणूस पाण्यासाठी सुट्टी टाकतो, कर्ज काढतो, पंप विसरतो. पाणी जितके जवळ, तितके 'उद्या जाऊ' म्हणणे सोपे. दोन नद्यांच्या मधे राहिले तर तेच 'उद्या' दोन नद्यांना वाटून देता येते.

निडीत जागा घेतलेल्या होडीवेड्यांची गाठ पडली तर ते जागेबद्दल वाईट बोलत नाहीत. हवा चांगली, शेजार चांगला, पांढरा कांदा मिळतो, पेणहून पोहे-पापड मागवता येतात. होडीबद्दल विचारले की ते पंचांग काढतात. कोकणातला जुना हिशेब असा, की तिथीला तिनाने गुणून चाराने भागावे म्हणजे भरतीची वेळ मिळते. प्रतिपदेपासून पौर्णिमेपर्यंत एकदा, मग पुन्हा पहिल्यापासून. हा हिशेब समुद्रकाठचा आहे. खाडीतून वर चढायला पाणी आणखी वेळ घेते, तो वेळ गावागणिक वेगळा आणि तो विचारायचा माणूस बांधावर भेटतो.

आज षष्ठी. साही त्रिक अठरा, भागिले चार, साडेचार. ज्यांना निडीतली जागा पाहायची असेल त्यांनी आज येऊ नये. एजंट आणि प्रस्तुत लेखक दोघेही साडेचारला नागोठण्याच्या खाली असतील, आणि पाणी अजून पोचलेले नसेल.